परक्या देवळातला अंगारा

मार्केट यार्डात आमचा भुसाराचा गाळा आहे. ज्वारी, बाजरी, डाळी. लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर सासरे बसायचे. आता मी बसते आणि नवरा खरेदीला फिरतो. या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो आणि मग ती अंगातून जात नाही. आधी तोंड उघडायचं नाही. जो पहिला भाव बोलतो तो मार खातो. सासऱ्यांच्या वेळी तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, तोंडाने कोणी बोलतच नसे. रुमाल गेला, सवय राहिली.

लेकीने जपानी शिकायला घेतलं तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. पुण्यात जपानी शिकणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यातली एक आपली, असं वाटलं. हरकत घ्यायची वेळ आली तेव्हा ती विमानात बसली होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, समुद्राकाठचं एक लहान गाव. सुरुवातीला कॉलेजने ठरवून दिलेल्या कुटुंबात राहायचं, मग वसतिगृहात. त्या घरातल्या बाईंना ती ओकासान म्हणायची. मी फोनवर विचारलं, हे त्यांचं नाव का? ती म्हणाली, नाही गं, ओकासान म्हणजे आई, इथे सगळेच म्हणतात. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाईकाला तुरीऐवजी मसुरीचा भाव सांगितला.

पहिलं वर्ष सरत आलं आणि हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. वसतिगृहाला लिफ्ट नाही आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणून त्या बाई तिला इस्पितळातून सरळ आपल्या घरी घेऊन गेल्या. हे आम्हाला कळलं तेव्हा पायात सळी बसवून झाली होती. व्हिडिओ कॉलवर बातमी सांगताना पोरगी हसत होती. औषधाने हसत होती की आम्ही घाबरू नये म्हणून, ते काही मला ओळखता येईना, आणि माझ्या पोरीचा चेहरा मला ओळखता येत नाही हेच मला फार लागलं.

नवऱ्याने एकच सांगितलं. "घेऊन ये तिला. वर्ष गेलं तर गेलं, पाय राहिला पाहिजे." माझं जायचं-यायचं आणि तिचं फक्त यायचं तिकीट त्यानेच काढलं. शेजारच्या गाळ्यातले काका म्हणाले, "पोरगी आणायला चाललात की माल सोडवायला? एवढ्या तयारीने?" मी त्यांना म्हटलं, माल असता तर तुम्हालाच पाठवलं असतं.

तिथे पोचले आणि पहिल्याच संध्याकाळी लेकीने तिची बाजू सांगून टाकली. तिला यायचं नव्हतं. मधेच सोडलं तर वर्ष जाणार, व्हिसा जाणार, आणि परत मिळेल याची खात्री नाही. प्लास्टर निघून नीट चालता येईपर्यंत ओकासानने ठेवून घेतलं तर ती राहू शकते. नाही ठेवलं तर माझ्याबरोबर पुण्याला यायचं. "पण मी त्यांना विचारणार नाही," ती म्हणाली. "आधीच त्यांनी खूप केलंय. आणि तूही विचारू नकोस. इथे असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. मग ते हो म्हणतात, आणि ते हो खरं नसतं."

म्हणजे विचारायचं नाही आणि उत्तर मात्र हवं. मला ही पद्धत नवी नव्हती. मी गप्प राहिले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाई माझ्याच वयाच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. अशा दोन बायका एका स्वयंपाकघरात आल्या की फार शांतता असते. मी भांडी घासायला घेतली की त्या पुसायला घ्यायच्या. त्या कपडे वाळत घालायला लागल्या की मी चिमटे पुढे करायचे. लेकीच्या पायाखाली कोणती उशी ठेवायची, गोळी कधी द्यायची, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते बघून मला बरंही वाटायचं आणि मी ती उशी उगाच जराशी सरकवायचे. त्यांचे यजमान सकाळी वाकून नमस्कार करत, संध्याकाळी वाकून नमस्कार करत आणि मधे काही बोलत नसत. आमचं विमान मंगळवारचं होतं. शनिवार उजाडला तरी बाईंनी एका शब्दाने विषय काढला नव्हता. नवरा रोज फोनवर विचारायचा, बॅग भरली का. मी रोज म्हणायचे, भरते.

शनिवारी त्यांनी वेगळाच विषय काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं. त्यांच्यात ठरावीक वर्षांनी देवळात करतात, सगळे नातेवाईक येतात. लेकीने भाषांतर करून सांगितलं की तुम्ही आलात तर आनंद आहे, घरी थांबलात तरी चालेल.

"हे 'चालेल' कसलं?" मी विचारलं. पुण्यात चालेल म्हणजे चालणार नाही असंही असतं.

"यावं असं वाटतंय त्यांना," ती म्हणाली. "बहुतेक."

त्या बहुतेकवर मी रात्रभर कूस बदलत राहिले. नाही गेले तर आम्हाला तुमच्या माणसांचं काही नाही असं दिसेल. गेले आणि काही वेडंवाकडं झालं, तर अशा आईची पोर कशाला सांभाळायची असं वाटेल त्यांना. एरवी मी देवधर्मात फार पडणारी नाही. कसब्याच्या गणपतीला चतुर्थीला जाते, तेही रांग लहान असली तर. पण तिथे काय करायचं ते माझ्या हातांना माहीत असतं. इथे माझ्या हातांना काहीच माहीत नव्हतं.

सकाळी कपड्यांपासून सुरुवात झाली. सगळ्यांनी नखशिखांत काळं घातलेलं. माझ्याकडे काळं काहीच नव्हतं, देवाधर्माच्या कामाला काळं न्यायचं असतं असं कोणाला सुचेल? बाईंनी न बोलता आपला एक काळा कोट आणून माझ्या निळ्या पंजाबी ड्रेसवर चढवला, मागून ओढून नीट केला, आणि हातात एक छोटी जपमाळ दिली. मी टिकली काढू का म्हणून लेकीला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, त्यांना सवय झालीय माझ्या टिकलीची. गाडीत तिने मला शेवटची सूचना दिली.

"आई, पुढचा माणूस काय करतो ते बघ आणि तसंच कर. स्वतःचं डोकं लावू नकोस."

देऊळ लाकडी, स्वच्छ, थंडगार. बूट बाहेर काढायचे होते, तेवढ्याने मला धीर आला. आत चटया अंथरलेल्या आणि सगळे वज्रासनात बसलेले. मी योगवर्गात वज्रासन करते, पण तिथल्या शिक्षिका मधेच पाय मोकळे करायला सांगतात. इथे कोणी सांगेना. लेक प्लास्टरचा पाय पुढे करून मागे बुटक्या खुर्चीवर बसली होती, मी तिच्या शेजारी खाली. पुढे काळ्या पाठींच्या रांगा. पुजारी एका सुरात, संथपणे मंत्र म्हणत होते आणि मधे मधे एक लाकडी ठोका पडत होता. एक शब्द कळत नव्हता. माझ्या डोक्यात तोच हिशेब चालू. आज नाही बोलल्या तर उद्या. उद्या नाही बोलल्या तर परवा विमान.

मग एकेक जण उठायला लागला. आधी यजमान, मग बाई, मग बाकीचे जवळून लांबच्या क्रमाने. देवासमोर एक बुटकं मेज होतं. तिथे जायचं, वाकायचं, हात जोडायचे, आणि मग उजव्या हाताने मेजावरून काहीतरी चिमटीत घ्यायचं आणि हात कपाळाशी न्यायचा. मग पुन्हा हात जोडायचे आणि परत फिरायचं. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मागून बघत होते. पाठी, कोपर, आणि कपाळाकडे जाणारा हात, एवढंच मला दिसत होतं. पण तेवढं दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. हे तर मला येत होतं. हा अंगारा होता. जगाच्या पाठीवर कुठेही जा, माणूस देवापुढचा अंगारा कपाळाला लावणारच.

आम्ही परके म्हणून सगळ्यांत शेवटी. लेक कुबडीवर, मी तिच्या दंडाला धरून. माझ्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की कोण कोणाला धरून चाललंय ते कळू नये. मेजावर एका वाटीत जाडसर तपकिरी भुकटी होती, चंदनासारखा वास. शेजारच्या वाटीत राख आणि राखेत एक निखारा. निखारा मला दिसला. दिसला, पण आपल्याकडेही धूप जळत असतोच, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. मी वाकले, हात जोडले, चिमूट घेतली आणि टिकलीच्या वर कपाळाला लावली.

आणि मग हाताने त्याच्या सवयीने पुढचं काम केलं. आजारी पोर बरोबर असताना कोणती आई अंगारा फक्त स्वतःला लावून परत येते? मी दुसरी चिमूट घेतली, वळले, आणि लेकीच्या कपाळावर चांगली दाबून आडवी ओढली. मनात पायाचं सगळं बोलले. हाड जुळू दे, लंगडी राहू देऊ नकोस, आणि जे काय ठरायचं ते आज ठरू दे.

लेकीचे डोळे एवढे मोठे झाले. ओठ न हलवता ती म्हणाली, "आई, ते निखाऱ्यावर टाकायचं असतं."

मी एक चिमूट निखाऱ्यावर टाकली. धूर निघाला. मग परत फिरावंच लागलं. समोर काळ्या कपड्यांतलं ते सगळं कुटुंब बसलेलं आणि आम्ही दोघी मायलेकी कपाळाला तपकिरी पट्टे ओढून त्यांच्याकडे तोंड करून उभ्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका लहान मुलीने आपल्या आईकडे बघितलं आणि आईने तिचं तोंड हळूच पुढे वळवलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एरवीही फारसं काही नसतं, पण त्या दिवशीचं ते काहीच नसणं मला वेगळं वाटलं.

बाहेर बूट घालताना लेकीने खालच्या आवाजात सांगितलं की ती भुकटी गेलेल्या माणसासाठी असते. त्याचं नाव घेऊन धूप द्यायचा. हात कपाळाशी नेतात तो आदर दाखवायला, लावायला नाही.

गेलेल्या माणसासाठी. मी शकुन-अपशकुन मानत नाही, गाळ्यावर मांजर आडवं गेलं तर मी त्याला दूध घालते. पण मेलेल्या माणसाच्या वाट्याचं मी माझ्या हाताने माझ्या जिवंत पोरीच्या कपाळाला लावलं होतं, तेही पाय मोडलेल्या. मी रुमाल काढला. तिने मान मागे घेतली.

"राहू दे आता. सगळ्यांसमोर पुसलंस तर आणखी वाईट दिसेल. त्यांची वस्तू घाण वाटली म्हणून पुसली असं होईल."

म्हणून तसंच कपाळ घेऊन आम्ही मागच्या दफनभूमीत गेलो, दगडावर पाणी घालताना उभ्या राहिलो, आणि तसंच कपाळ घेऊन जेवायला बसलो. मी ठरवून टाकलं होतं. संपलं. बाई आता ठेवून घ्यायचा विषय काढणार नाहीत. मंगळवारी दोघींनी निघायचं. एका परीने बरंच, नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. असं मनाशी म्हणत मी समोरच्या डब्यातली एकेक वस्तू गिळत होते. पोरगी काही खात नव्हती. तिनेही तेच ठरवलेलं दिसत होतं.

बाई सगळ्यांना चहा देत देत आमच्यापाशी आल्या आणि समोर बसल्या. लेकीच्या कपाळाकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि काहीतरी विचारलं.

लेक गडबडली. "ते काय केलंत, असं विचारतायत. मी सांगू का की तुला माहीत नव्हतं?"

"खरं आहे ते सांग. आमच्यात देवापुढची राख कपाळाला लावतात. दुखणाऱ्या माणसाला आधी."

तिने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि अगदी सरळ चेहऱ्याने एक वाक्य बोलल्या. लेकीच्या तोंडातून विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसू दाबत होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पाय मोडलाय ना? मग डोक्याला का लावलं?"

मी बाईंकडे बघितलं. ही बाई मार्केट यार्डात चालली असती. मी लेकीला म्हटलं, "सांग त्यांना, घसरली ती डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून. आधी तिथला इलाज."

हे तिने सांगितल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या, तोंडावर हात धरून. मग म्हणाल्या की त्यांच्याकडेही मोठ्या देवळांत धूप पेटवलेला असतो आणि लोक त्याचा धूर ओंजळीने ओढून दुखऱ्या जागी लावतात. त्यांची आई गुडघ्याला लावायची. फक्त श्राद्धाला कोणी लावत नाही. त्यांच्या सासऱ्यांना मात्र आवडलं असतं, कारण त्यांच्याकडे कोणी काही मागितलं की त्यांना आवडायचं आणि घरातलं कोणी मागत नसे.

हे शेवटचं त्या जरा थांबून बोलल्या. मग त्या आणखी बरंच बोलल्या, एका दमात, डोळे चहाच्या कपाकडे लावून. लेक ऐकत राहिली, तिचा चेहरा बदलला, आणि मला म्हणाली, "म्हणतायत की तू दोन तिकिटं घेऊन आलीस."

"एवढंच? त्या एवढं बोलल्या आणि तू एवढंच सांगतेस? सगळं सांग. मधे भाव पाडू नकोस."

मग तिने सगळं सांगितलं. मी दोन तिकिटं घेऊन आले हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणजे आईचं ठरलेलं आहे. आईने ठरवलेलं असताना, पोरगी इथे राहू दे, असं परक्या बाईने म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून ठेवून घ्यायची तयारी असूनही त्या आठवडाभर गप्प होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीतीही वाटत होती. त्या दिवशी ती त्यांच्याकडे मुक्काम करून सकाळी त्यांच्याच घरून निघाली होती आणि त्यांच्याच गल्लीच्या टोकाला पडली. पुन्हा पडली तर मला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात होता.

ती त्यांच्या गल्लीत पडली हे मला माहीत नव्हतं. लेकीने सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने प्लास्टरकडे बघितलं.

आता माझी पाळी होती. आयुष्यभर मी समोरच्याला आधी बोलायला लावलं होतं. इथे समोरची बोलून बसली होती, आणि तरी मला जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. माझ्या पोरीकडे बघून हो म्हणायचं होतं आणि जीभ उचलत नव्हती. आपण हो म्हटलं की पोरगी खरंच मागे राहणार. मग तिथे बर्फ पडला की मला पुण्यात बसून कळणार, तेही कोणी कळवलं तर.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "मंगळवारी मी एकटी जाते. पुन्हा पडली तर फोन करा. लगेच करा, ऑपरेशन झाल्यावर नाही. मी आधी रागवेन, मग येईन."

लेकीने ते भाषांतर करायला वेळ लावला. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली मान घातली, खूप वेळ. मला काय करायचं ते कळेना, म्हणून मीही तशीच मान घातली. या वेळी पुढचा काय करतो ते मला समोरून दिसत होतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला फोन लावला. मी एकटीच येतेय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला आणायला गेली होतीस." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, त्या लोकांवर एवढा भरवसा कसा काय बसला? मी म्हटलं, भरवसा बसलेला नाही, पण बाई खरं बोलतात. मग त्याने पोरीला फोन दे म्हटलं, आणि ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, ती बराच वेळ आली नाही.

संध्याकाळी बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. लेकीला बरं नसलं की घरी काय देता, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, मऊ भात. तांदूळ धुवायचे, पातेल्यात पाणी जास्त घालायचं, मंद आचेवर शिजू द्यायचं, वरून मीठ आणि तूप. त्यांनी तांदूळ मापून घेतले, धुतले, आणि पाणी किती म्हणून विचारलं. मी पाण्याचं भांडं घेतलं आणि अंदाजाने ओतायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

"अंदाजे म्हणजे किती ते सांग," दारातून कुबडीवर टेकून लेक म्हणाली. "त्या मापाशिवाय करणार नाहीत. तू गेल्यावर त्यांनाच करायचाय."

मी तो भात तीस वर्षं करतेय. किती पाणी लागतं ते मला माहीत नव्हतं. मी त्यांचा कप घेतला आणि एकेक कप मोजत पातेल्यात घालायला लागले. बाई माझ्याबरोबर त्यांच्या भाषेत मोजत होत्या. पाचव्या कपाला मी थांबले. मग वाटलं कमी होईल, म्हणून आणखी अर्धा घातला. तो बरोबर होता की जास्त, ते झाकण काढेपर्यंत कळणार नव्हतं.